गोधडीचा टाका शहरातल्या जेवणाच्या टेबलावर. पण ‘टेबल रनर’च्या मजुरीचा हिशेब कोण धरणार?

घटस्थापनेच्या आधीचे आठ-दहा दिवस गावोगावी नदी-ओढ्याच्या काठाला गोधड्या वाळत घातलेल्या दिसतात. एक ओली गोधडी पिळायला दोन बाया लागतात, तिसरी खडकावर पसरायला. जुनी नऊवारी लुगडी, धोतरं, पोरांचे शाळेचे शर्ट, सगळं त्यात सापडतं. कोल्हापूर-सांगलीकडं हिलाच वाकळ म्हणतात. गेल्या काही वर्षांत मात्र खडकावरच्या गोधड्या कमी झाल्यात. घराघरात फुलाफुलांची ब्लँकेटं आलीत. सुती लुगडं नेसणाऱ्या आज्या कमी झाल्या आणि रोजच्या वापरातल्या साड्या पॉलिस्टरच्या झाल्या. पॉलिस्टरच्या गोधडीला ऊब नाही, घाम टिपत नाही. शिवणारे हात मात्र अजून गावात आहेत.

याच हातांना आता वेगळं काम मिळू लागलंय. बचत गटांच्या प्रदर्शनांत गोधडीच्या टाक्याच्या पिशव्या, उशांचे अभ्रे, बाळाची दुपटी दिसतात आणि त्यांच्या शेजारीच लांबट पट्टीसारखं एक कापड असतं. त्याला ‘टेबल रनर’ म्हणतात. गटातल्या बायांना पहिल्यांदा हे दाखवलं की बहुतेक जणी विचारतात, हे पांघरायचं का अंथरायचं? दोन्ही नाही. जेवणाच्या टेबलावर मधोमध, या टोकापासून त्या टोकापर्यंत टाकायची ही पट्टी. तिच्यावर भाजीची भांडी, पाण्याचा तांब्या, फुलदाणी ठेवायची. जिथं आपण पाटावर किंवा चटईवर बसून जेवतो, तिथं टेबलाच्या कापडाचं माप डोळ्यासमोर येणं अवघडच.

तरी पण गटांनी याच्याकडं बघावं, असं हे काम आहे. पुरी गोधडी म्हणजे घरातली कामं सांभाळून महिना-दोन महिन्यांचं काम. जागा मोठी लागते, कापड किलोनं लागतं, आणि विकायला नेली तर तिच्या कष्टाची किंमत ऐकून गिऱ्हाईक मागं सरतं. रनर म्हणजे त्याच टाक्याची छोटी गोधडी. दहा तासांच्या आसपास होते, मांडीवर घेऊन शिवता येते, वजन पाव किलोच्या जवळपास, त्यामुळं पोस्टानं पाठवायला सोपी. अडचण दोनच ठिकाणी येते. एक, माप. दुसरी, पैसा. शिवण्यात कुणी मागं पडत नाही.

आधी माप

सहा माणसांचं जेवणाचं टेबल साधारण ५ फूट लांब आणि ३ फूट रुंद असतं. रनर दोन्ही टोकांना सहा-सहा इंच खाली लोंबला पाहिजे. म्हणजे ६० अधिक १२, एकूण ७२ इंच. रुंदी टेबलाच्या एक तृतीयांश धरतात, म्हणजे १२ इंच. गावात कुणाकडं तसं टेबल नसेल तर जमिनीवर खडूनं ५ बाय ३ फुटांचा चौकोन आखावा आणि कापड त्यावर टाकून बघावं. सगळ्या जणींनी एकदा ते डोळ्यांनी बघितलं की पुढं सांगावं लागत नाही.

गोधडीत माप हातानं धरतात. चार हात लांब, तीन हात रुंद. दोन बोटं इकडं-तिकडं झाली तर पांघरणाऱ्याला कळतही नाही. रनरमध्ये कळतं. १२ इंच रुंदीत तीन चौकोनी ठिगळं आणि ७२ इंच लांबीत अठरा, असं धरलं तर ४ इंचाची ५४ ठिगळं लागतात. चारही बाजूंनी पाव-पाव इंच शिवणीत जाणार, म्हणून प्रत्येक तुकडा साडेचार इंचाचा कापायचा. अठरा ठिगळांत सतरा जोड येतात. प्रत्येक जोडाला एकच सूत चुकलं, म्हणजे इंचाचा आठवा भाग, तर सतरा जोडांत दोन इंचांच्या वर फरक पडतो. मग शेजारच्या ओळीशी जोड जुळत नाहीत आणि पट्टी एका बाजूला ओढल्यासारखी दिसते.

यावर सोपा उपाय आहे. पुठ्ठ्याचा साडेचार इंचाचा एकच साचा करावा आणि सगळ्यांनी त्यावरूनच कापावं. कापलेल्या तुकड्यावरून पुढचा तुकडा कापू नये, कारण दर वेळी काठाएवढी चूक वाढत जाते. ठिगळं जोडण्याचं काम मशीनवर, आणि शक्यतो एकीनंच करावं. दोघींची पाव इंचाची शिवण कधी सारखी येत नाही. वरच्या टाक्यांचं तसं नाही, तिथं पाच हात बसले तरी चालतं.

कापडाची परीक्षा

कापड सुतीच पाहिजे. गिऱ्हाईक गरम भांडं त्यावर ठेवणार आहे. दुकानदार सुती म्हणून देतो त्यात पॉलिस्टरची भेसळ असू शकते. कडेचा एक दोरा काढून काडी लावून बघावा. सुती दोरा कागदासारखा जळतो आणि चिमटीत धरला की राख होते. पॉलिस्टरचा दोरा वितळून कडक मणी होतो आणि वास प्लॅस्टिकचा येतो. हे अंगणात करावं, कापडाच्या ढिगाजवळ करू नये.

जुनं लुगडं वापरायचं असेल तर उजेडात धरून बघावं. बसण्याच्या भागात विरलेलं असतं, पदराकडचं आणि काठाजवळचं चांगलं निघतं. विरलेला भाग आतल्या थराला चालतो, वरच्या ठिगळाला चालत नाही. शिंप्याकडच्या चिंध्याही कामाला येतात, फक्त साडेचार इंचाचा चौकोन निघाला पाहिजे.

यानंतरची पायरी बाया सगळ्यात जास्त चुकवतात. ती म्हणजे कापायच्या आधी धुणं. नव्या सुती कापडाला खळ असते आणि पहिल्या धुण्यात ते आटतं. मांजरपाट तर चांगलंच आटतं. वरचं कापड आटलेलं आणि खालचं कोरं असेल, तर गिऱ्हाइकाच्या घरी पहिल्या धुण्यात सगळा रनर सुरकुततो. गोधडीला हा त्रास नव्हता, कारण तिचं कापड दहा-बारा वर्षं धुतलेलंच असायचं. आपल्या आज्यांनी हा धडा कधी शिकवला नाही, कारण त्यांना त्याची गरजच पडली नाही.

रंगाचंही तसंच. लाल, काळं, गडद निळं कापड साबणाच्या कोमट पाण्यात अर्धा तास भिजवावं आणि पांढऱ्या ओल्या फडक्यानं घासून बघावं. फडक्याला रंग लागला तर पुन्हा दोन-तीनदा धुवावं. तरीही लागत असेल तर ते कापड बाजूला काढावं. मीठ टाकलं, तुरटी टाकली की रंग पक्का होतो असं घरोघर सांगतात, पण बाजारातल्या कापडांच्या आजच्या रंगांवर त्याचा भरवसा धरता येत नाही. एका लाल ठिगळानं रंग सोडला तर शेजारची आठ ठिगळं गुलाबी होतात. दहा तासांचं काम एका धुण्यात गेलं.

एका रनरला वरच्या ठिगळांसाठी आणि गोटासाठी मिळून ४४ इंच पन्ह्याचं सव्वा मीटर कापड पुरतं. खालच्या आणि मधल्या थरासाठी त्याच पन्ह्याचं मांजरपाट सव्वादोन मीटर घ्यावं. आटून लांबी ८४ इंचांच्या आसपास राहते, त्यात १६ इंच रुंदीच्या दोन पट्ट्या निघतात आणि थोडं उरतं. त्या उरलेल्या तुकड्यावर नव्या पोरींनी टाक्याचा सराव करावा. मधल्या थराला जुनं धुतलेलं लुगडं वापरलं तर मांजरपाटाच्या तेवढ्याच कापडात दोन रनरची खालची बाजू होते.

थर लावणं आणि टाके

खालचं कापड उलट बाजू वर करून जमिनीवर पसरावं, त्यावर मधला थर, त्यावर ठिगळं जोडून इस्त्री केलेली पट्टी. खालचे थर चहूबाजूंनी दीड-दोन इंच मोठे ठेवावेत. मग सगळ्या पट्टीवर हाताच्या अंतरानं मोठे कच्चे टाके घालावेत. ज्या बायांनी पन्नास गोधड्या शिवल्यात त्या हे टाळतात. त्यांचा हात इतका बसलेला असतो की थर सरकत नाहीत. पण गटात सगळ्यांचे हात सारखे नसतात, आणि एकीनं अर्धं शिवून दुसरीकडं दिलं की मधला थर गोळा होतो. अर्धा तास कच्च्या टाक्याला गेला तरी तो वाया जात नाही.

गोधडी आपण कडेनं सुरू करून फिरत-फिरत मधे येतो. पांघरायच्या कापडाला ते चालतं, मधे थोडा फुगवटा राहिला तरी ऊबच वाढते. रनर टेबलावर सपाट पडला पाहिजे, म्हणून इथं उलटं करावं. पहिली लांब ओळ मधोमध घालावी, मग एक डावीकडं, एक उजवीकडं, असं कडेला जावं. फुगवटा राहिलाच तर बाहेर ढकलला जातो आणि कडेला कापून टाकता येतो.

ओळी आखायला पेन-पेन्सिल वापरू नये, ती निघत नाही. अंगाच्या साबणाचा वाळलेला पातळ तुकडा घ्यावा. त्याची रेघ बारीक उमटते आणि धुतली की जाते. शिंपी हेच करतात.

टाका म्हणजे आपला साधा धावदोरा. इंचाला चार-पाच टाके बसावेत. जाड सुती दोरा एकेरी घ्यावा, हातभर लांबीचा. लांब दोरा घेतला की वारंवार ओवायला लागत नाही म्हणून बरं वाटतं, पण तो गुंततो आणि कापडातून ये-जा करून विरतो. गाठ बाहेर दिसू देऊ नये. गाठ मारून सुई वरच्या थरातून आत घालायची आणि दोऱ्याला हलका झटका द्यायचा, गाठ आतल्या थरात जाऊन बसते. टाका घट्ट ओढू नये. ओढला तर ७२ इंचाची पट्टी सत्तरवर येते आणि कडा लाटांसारख्या होतात.

ज्यांची नजर कमी झाली, त्यांचा टाका बिघडत नाही. बोटांना अंतर कळतं. अडतं ते सुई ओवायला. म्हणून सकाळी कामाला बसताना गटातल्या पोरींनी पंधरा-वीस सुया ओवून उशीला टोचून ठेवाव्यात. कुणीही किती सुया घेतल्या हे सुरुवातीला मोजावं आणि उठताना परत मोजावं. सुईचं तुटलेलं टोक कापडात राहिलं आणि गिऱ्हाइकाच्या पोराच्या बोटात गेलं, तर त्या गटाचा माल पुन्हा कुणी घेणार नाही. सुई तुटली तर दोन्ही तुकडे सापडल्याशिवाय ते कापड पुढं द्यायचं नाही.

शेवटी कडा सरळ कापून गोट लावायचा. अडीच इंचाची पट्टी दुहेरी दुमडून लावली तर कडा टिकते. गोट गडद रंगाचा घ्यावा, पांढरा लवकर मळतो. चारही कोपऱ्यांवर गोट नीट दुमडणं हे सगळ्यात किचकट काम. ओळ जराशी नागमोडी गेली तर बिघडत नाही, उलट हातानं शिवलंय हे तिथंच कळतं. कोपरा मात्र वाकडा गेला की माल परत येतो.

दहा तासांची किंमत

आता पैशाचं. इथं गट सगळ्यात जास्त मार खातात.

१२ इंच रुंदीत अर्ध्या इंचाच्या अंतरानं २४ ओळी येतात. एक ओळ ७२ इंच, म्हणजे ६ फूट. चोवीस गुणिले सहा, १४४ फूट धावदोरा एका रनरला लागतो. सराईत हात मिनिटाला पाचएक इंच शिवतो. त्या हिशेबानं नुसत्या टाक्यांना पावणेसहा तास होतात. कापणं आणि ठिगळं जोडणं दोन तास, कच्चे टाके अर्धा तास, गोट सव्वा तास, धुणं-इस्त्री अर्धा तास. बेरीज दहा तास.

समजा, गावात खुरपणीला आठ तासांची मजुरी ३०० रुपये आहे. तासाला साडेसदतीस झाले. दहा तासांचे ३७५ रुपये. समजा, वरचं कापड आणि गोट १२५ रुपये, मांजरपाट १३५, दोरा २५, पिशवी आणि चिठ्ठी १५. सामान ३०० रुपयांचं. दोन्ही मिळून ६७५. त्यावर प्रवास, खराब झालेला माल, मशीनचं तेल-सुया, यासाठी ७५ रुपये धरले की ७५० होतात. नफा अजून धरलेलाच नाही. आपल्या गावातली मजुरी आणि कापडाचा भाव वेगळा असेल तर आकडे बदलावेत, पण रीत हीच ठेवावी.

आता एखादा व्यापारी येतो आणि म्हणतो, ताई, शंभर नग घेतो, ४०० रुपयांनी द्या. रोख. शंभर गुणिले चारशे, चाळीस हजार. ऐकायला मोठं वाटतं. सामानाचे ३०० वजा केले तर दहा तासांच्या कामाला उरले १०० रुपये. तासाला दहा रुपये. त्यापेक्षा खुरपणी बरी.

असं का होतं? कारण गोधडीची मजुरी कधी कुणी धरलीच नाही. लेकीच्या बाळंतपणाला गोधडी, सुनेच्या माहेरी गोधडी, सगळी घरच्यासाठी. दुपारची भांडी झाल्यावर, रात्री मालिका बघताना, तो वेळ ‘मोकळा’ समजला गेला. घरातला कर्ता माणूसही म्हणतो, बसल्या-बसल्या चार पैसे येतात तर काय वाईट. पण बसल्या-बसल्या मान धरते, बोटाला घट्टे पडतात, डोळ्याला पाणी येतं. त्याचे पैसे धरायला नकोत का?

घाऊक माल द्यायचाच नाही असं नाही. भाव कमी करायचा असेल तर काम कमी करावं, मजुरी नाही. ओळींमधलं अंतर अर्ध्या इंचाऐवजी एक इंच केलं तर धावदोरा १४४ फुटांवरून ७२ फुटांवर येतो आणि जवळपास तीन तास वाचतात. माल थोडा हलका दिसतो, पण तो त्या भावाचा असतो. व्यापाऱ्याला दोन्ही नमुने समोर ठेवून दोन भाव सांगावेत.

शिवणाऱ्या बायांचा असा गट करून माल विकण्याची गोष्ट जगात नवी नाही. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या विलकॉक्स परगण्यात १९६६ मध्ये काळ्या शेतकरी-शेतमजूर कुटुंबांतल्या बायांनी ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ नावाची सहकारी संस्था काढली. त्या काळात तिथं मतदार यादीत नाव नोंदवलं म्हणून काळ्या कुटुंबांना खंडानं कसत असलेली जमीन आणि राहतं घर सोडावं लागत होतं. त्यांच्याकडंही आपल्यासारख्याच गोधड्या होत्या, फाटक्या कामाच्या कपड्यांच्या. न्यूयॉर्कमध्ये लिलावात त्या विकल्या गेल्या, मोठ्या दुकानांत गेल्या. पण दुकानांना एकसारखं माप, एकसारखा रंग हवा होता, आणि या बाया मनाला येईल तशी ठिगळं जोडणाऱ्या. १९७२ मध्ये ‘सीअर्स’ या मोठ्या कंपनीचं उशांच्या अभ्र्यांचं काम मिळालं. त्यातून नियमित पगार सुरू झाला, पण गोधडीचं काम मागं पडत गेलं. संस्था २०१२ मध्ये बंद झाली. त्याच भागातल्या जीज बेंड गावच्या बायांच्या गोधड्या पुढं न्यूयॉर्कच्या संग्रहालयात लागल्या आणि २००६ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्यानं त्यांची तिकिटं काढली. एकसारख्या मालाला पगार मिळाला आणि नाव मात्र मनाच्या नक्षीला मिळालं. आपल्या गटांनाही दोन्ही लागेल, म्हणून सहा-सात रनर ठरल्या नक्षीचे झाले की एखादा ज्येष्ठ बाईच्या मर्जीनं होऊ द्यावा. तो वेगळ्या भावानं विकावा.

विकायचं कुठं

बचत गट ‘उमेद’ म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाला जोडलेला असेल तर ग्रामसंघामार्फत प्रदर्शनासाठी नाव देता येतं. मुंबईत भरणारं ‘महालक्ष्मी सरस’ त्यातलं मोठं. तिथं जाणाऱ्या गटानं किमान पन्नास-साठ नग आधी तयार ठेवावे लागतात, म्हणजे पाचशे-सहाशे तास आधी घालावे लागतात. पाच बाया रोज तीन तास बसल्या तर चाळीस दिवस. सुगीत हे जमत नाही. उन्हाळ्यातच करून ठेवावं.

हस्तकलेचं काम करणाऱ्यांसाठी केंद्राच्या हस्तकला विकास आयुक्तांकडून ‘पहचान’ ओळखपत्र मिळतं. पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. तिच्यातल्या १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे. प्रशिक्षणाच्या दिवसांना ५०० रुपये रोज भत्ता आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आहे. कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो. नोंदणी सीएससी केंद्रावर होते. गोधडी असा वेगळा व्यवसाय यादीत नाही, म्हणून गटात मशीनवर शिवणकाम करणाऱ्या बाईनंच अर्ज करावा.

मोबाईलवरून विकायचं तर फोटो सावलीत, दिवसाच्या उजेडात काढावा. ट्यूबलाइटखाली लाल रंग तपकिरी दिसतो आणि मग ‘फोटोत वेगळा होता’ म्हणून माल परत येतो. एक फोटो पुऱ्या पट्टीचा, एक जवळून टाक्यांचा, एक मागच्या बाजूचा, आणि एक शेजारी टेप ठेवून. निम्मे पैसे आधी घ्यावेत. पैसे ‘घेण्यासाठी’ क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका असं कुणी सांगितलं तर फोन ठेवून द्यावा. पैसे घेताना पिन लागत नाही.

गटात वाटप

भांडणं होतात ती इथं. एकीनं गोट लावला, दुसरीनं ओळी घातल्या, तिसरी दोन दिवस लग्नाला गेली, आणि पैसे सारखे वाटले. पुढच्या वेळी गोट लावणारी येत नाही.

म्हणून कामाचे तुकडे करून भाव ठरवावा. वरच्या हिशेबात एका सहा फुटी ओळीला साधारण साडेचौदा मिनिटं लागतात, तिचे ९ रुपये होतात. चोवीस ओळींचे २१६. कापणं-जोडणं ७५, कच्चे टाके १९, गोट ४७, धुणं-इस्त्री १९. बेरीज ३७६, म्हणजे एक रुपया इकडं-तिकडं. सुई ओवून देणाऱ्या पोरीचं आणि वहीत लिहिणारीचं काम यात नाही, त्यांच्यासाठी ७५ रुपयांच्या वरखर्चातून काहीतरी ठरवावं लागेल.

प्रत्येक रनरला दोऱ्यानं एक कागदी चिठ्ठी बांधावी. त्यावर नंबर, आणि कुणी किती ओळी घातल्या ते संध्याकाळी उठताना लिहावं. ज्या बाईला लिहिता येत नाही तिनं आपल्या ओळीच्या टोकाला, गोटाच्या आत जाईल अशा जागी, आपल्या ठरलेल्या रंगाच्या दोऱ्याचा एक टाका घालावा. गोट लावायच्या आधी ते टाके मोजून वहीत चढवायचे. माल विकल्यावर नंबर बघून पैसे द्यायचे आणि त्याच ओळीपुढं सही किंवा अंगठा घ्यायचा.